हार्ड डिस्क बंद पडली तर: कोणत्या क्रमाने काय करायचं

कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या स्क्रीनवर अडकतो. किंवा एक्स्टर्नल डिस्क लावली की नुसता दिवा लुकलुकतो आणि ‘धिस पीसी’मध्ये काहीच दिसत नाही. अशा वेळी घाबरून पहिल्या दहा मिनिटांत जे केलं जातं, त्यातच बऱ्याचदा डेटा जातो. कोणी चार-पाच वेळा रीस्टार्ट करतं, कोणी विंडोजने विचारल्यावर ‘फॉरमॅट’ला हो म्हणतं, कोणी कुठेतरी पाहून चेकडिस्क हे विंडोजमधलं डिस्क-दुरुस्तीचं साधन चालवतं. यातलं काहीही करण्याआधी डिस्कची वीज बंद करा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: या डिस्कवर असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच नाही?

उत्तर ‘नाही’ असेल तर हवे तेवढे प्रयोग करा. उत्तर ‘हो’ असेल तर दोन नियम पाळा. डिस्कवर काहीही लिहायचं नाही, आणि ती गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त चालवायची नाही. ‘यू नीड टु फॉरमॅट द डिस्क’ आलं की कॅन्सल. ‘इनिशियलाइझ डिस्क’ आलं की कॅन्सल. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही.

दुरुस्तीबद्दलही आधीच स्पष्ट बोललेलं बरं. केबल, केसिंग, पॉवर, सर्किट बोर्ड आणि फाइल सिस्टम (कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची मांडणी) या गोष्टी दुरुस्त होतात. आतली तबकडी आणि तिच्यावरून फिरून डेटा वाचणारं हेड घरी दुरुस्त होत नाही. डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्येसुद्धा दुसऱ्या डिस्कचं हेड बसवतात ते डेटा बाहेर निघेपर्यंतच. ती डिस्क पुन्हा वापरायला मिळत नाही. म्हणून खालची प्रत्येक पायरी डिस्क पुन्हा चालू व्हावी यासाठी नसून डेटा सुखरूप बाहेर यावा यासाठी आहे.

आधी कान द्या

डिस्क एकदाच चालू करा आणि नीट ऐका. साडेतीन इंची (डेस्कटॉपमधली मोठी) डिस्क असेल तर तिच्यावर तळहात ठेवा. तबकडी फिरायला लागली की बारीक कंप हाताला कळतो. डेस्कटॉपमधली डिस्क मिनिटाला बहुधा 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. लॅपटॉपमधल्या बऱ्याच डिस्का 5400 च्या असतात.

सूं करत वेग घेतला, थोडी खर्र-खर्र झाली आणि मग आवाज एकसारखा राहिला, तर मोटर आणि हेड बहुधा ठीक आहेत. दोष केबल, केसिंग, फाइल सिस्टम किंवा काही खराब सेक्टरांत (सेक्टर म्हणजे तबकडीवरचा डेटाचा छोटा कप्पा) असण्याची शक्यता मोठी. अशा डिस्कबद्दल आशा ठेवायला हरकत नाही.

ठरावीक तालात ‘टक्… टक्… टक्’ येत असेल आणि थोड्या वेळाने डिस्क आपणच थांबत असेल, तर हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नाहीत, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागे येऊन नव्याने शोधतं आहे. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरच वर तरंगतं. ते वाकलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि डेटा त्या थरातच असतो. इथे थांबा आणि थेट लॅबचा भाग वाचा.

बारीक ‘पीं पीं’ येत असेल तर मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे पण काहीतरी अडकलं आहे. डिस्क खाली पडल्यावर हेड तबकडीला चिकटून बसतं, तेव्हा हमखास असं होतं. मात्र यूएसबीवर चालणाऱ्या अडीच इंची डिस्कला वीज कमी पडली तरी टकटक किंवा पीं पीं येते. म्हणून लॅबकडे जाण्याआधी एकदाच, आखूड आणि चांगल्या केबलने, हबशिवाय, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावून पाहा. तरीही तोच आवाज आला तर पुन्हा लावू नका.

काहीच आवाज नाही, कंपही नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा बोर्ड गेला आहे. ऐकायला हे सगळ्यात वाईट वाटतं, पण आतल्या तबकड्या अशा वेळी बहुतेकदा शाबूत असतात.

केबल, केसिंग आणि पॉवर

ही पायरी कंटाळवाणी वाटून लोक गाळतात, आणि ‘गेलेली’ म्हणून आणलेल्या कितीतरी डिस्का इथेच चालू होतात.

डेस्कटॉपमध्ये साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) डिस्कला दोन जोडण्या असतात: अरुंद, सात पिनांची डेटाची आणि रुंद, पंधरा पिनांची पॉवरची. डेटा केबल बदला. मदरबोर्डवरचं पोर्ट बदला. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून) येणारी दुसरी पॉवर वायर लावा. तिन्ही एकदम बदलू नका, एकेक करून बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल.

एक्स्टर्नल डिस्कमध्ये केसिंगमधलं छोटं सर्किट डिस्कच्या आधी जाऊ शकतं. पोर्टेबल डिस्कांवरचं ते रुंद, चपटं यूएसबी पोर्ट ओढाताणीत सैल होतं. केसिंग उघडून आतली डिस्क डेस्कटॉपला थेट जोडली की खरं काय ते समजतं. मात्र तीन अपवाद माहीत असू द्या. काही अडीच इंची पोर्टेबल डिस्कांच्या बोर्डवरच यूएसबी पोर्ट असतं, आत साटा नसतोच. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’ आणि ‘माय बुक’ मालिकांतल्या अनेक डिस्का तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद रूपात, लिहितात, आणि ते काम केसिंगमधलं सर्किट करतं. अशी डिस्क थेट जोडली तर सगळं रिकामं किंवा अगम्य दिसेल. तेव्हा जुनं सर्किट फेकू नका. तिसरा अपवाद पॉवरच्या पिनांचा. केसिंगमधून काढलेल्या काही नव्या मोठ्या डिस्का डेस्कटॉपच्या पॉवर वायरवर फिरतच नाहीत, कारण नव्या साटा पद्धतीत तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. चार पिनांच्या मोलेक्स वायरमधून साटा कन्व्हर्टर लावला की ती चालू होते, कारण मोलेक्समध्ये 3.3 व्होल्ट नसतातच. हे कन्व्हर्टर फार स्वस्तातले घेऊ नका, साच्यात ओतून बनवलेले वितळल्याच्या तक्रारी आहेत.

लॅपटॉपमधून डिस्क बाहेर काढणार असाल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) चालू आहे का ते पाहा. असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे मागा.

बायोसमध्ये नाव दिसतं का

चालू करताना एफ2 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जा. डिस्कचं मॉडेल आणि क्षमता दोन्ही बरोबर दिसत असतील तर पुढच्या पायरीकडे चला. नाव येतं पण क्षमता शून्य, किंवा मॉडेलच्या जागी भलतंच काही, तर डिस्कला तबकडीवर ठेवलेला स्वतःचा फर्मवेअर (डिस्क चालवणारा तिचा आतला प्रोग्रॅम) वाचता येत नाही. हा दोष सॉफ्टवेअर टाकून सुटत नाही.

पण तो म्हणजे डेटाचा शेवट, असंही नाही. सीगेटच्या बॅराकुडा 7200.11 मालिकेत 2008 च्या अखेरीस असाच प्रकार झाला. डिस्का अचानक बायोसमधून गायब व्हायला लागल्या. चूक फर्मवेअरची होती, तबकड्यांवरचा डेटा जागेवर होता. कंपनीने जानेवारी 2009 मध्ये सुधारित फर्मवेअर दिला, आणि आधीच अडकलेल्या डिस्काही बोर्डच्या सिरिअल पोर्टातून कमांड देऊन उघडता आल्या. आजही डेटा रिकव्हरीवाल्यांच्या कामाचा मोठा भाग हाच असतो, आणि त्यासाठी डिस्क उघडावी लागत नाही.

स्मार्ट: डिस्कची स्वतःची नोंदवही

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते. त्याला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर जीस्मार्टकंट्रोल या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या दिसतात. लांबलचक यादी पाहून गोंधळू नका. नवख्याने चार ओळी वाचल्या तरी पुरे.

क्रमांक 05, रीअलोकेटेड सेक्टर: खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. क्रमांक सी5, करंट पेंडिंग: वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. क्रमांक सी6, अनकरेक्टेबल: वाचता न आलेले. आणि सी7, सीआरसी एरर: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत बिघडलेला डेटा. सी7 वाढत असेल आणि बाकीचे तीन शून्य असतील तर दोष जवळपास नक्की केबलचा. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की झालं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पटीच्या पद्धतीत) दाखवतो. तिथे 10 दिसलं तर ते 16 असतात. फंक्शन मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या. आणि सीगेटच्या डिस्कवर 01 आणि 07 या ओळींसमोर प्रचंड आकडे दिसले तर घाबरू नका. त्या कंपनीची नोंदवण्याची पद्धतच तशी आहे.

वर निळ्या चौकटीत ‘गुड’ लिहिलं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. गूगलने 2007 मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार सगळ्यात बोलक्या नोंदींपैकी एकातही काही दाखवलं नव्हतं. उलट, तपासणीत पहिला वाचन-दोष सापडल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कांच्या 39 पट निघाली. माझ्या मते यातून नवख्याने एवढंच घ्यायचं: स्मार्टने चांगलं म्हटलं तर त्यावर विसंबू नका, वाईट म्हटलं तर लगेच विश्वास ठेवा.

कॉपी: मुख्य काम

डिस्क दिसते आहे, आवाज ठीक आहे, पण सी5 मध्ये आकडा आहे किंवा फोल्डर उघडायला मिनिटं लागतात. आता विंडोजमध्ये बसून फोल्डर ओढत बसू नका. विंडोज अडलेल्या सेक्टरवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहतो, मध्येच कॉपी तुटते, आणि त्या वेळात चांगला भागही हातचा जातो. दोनचारच फाइली हव्या असतील आणि त्या सहज उघडत असतील, तर त्या आधी उचला. बाकी सगळ्यासाठी पूर्ण डिस्कची प्रत काढायची.

त्यासाठी मी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम सांगतो. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, आणि त्यांच्याकडे शेवटी परत येतो. मरणाऱ्या डिस्कसाठी हाच क्रम योग्य. सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्समध्ये तो तयार मिळतो. दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर त्याचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा.

प्रत ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क घ्या. ती एनटीएफएस किंवा एक्स्ट4 मध्ये फॉरमॅट केलेली असावी. फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि आपली प्रत ही एकच अगडबंब फाइल असणार आहे. आजारी डिस्क शक्यतो साटा पोर्टला थेट लावा, यूएसबीमधून नको.

आता सगळ्यात जपून करायचं काम. लिनक्समध्ये डिस्का एसडीए, एसडीबी अशा नावांनी येतात आणि ही नावं प्रत्येक वेळी बदलू शकतात. एलएसबीएलके (lsblk) ही कमांड देऊन प्रत्येकीची क्षमता आणि मॉडेल पाहा, कागदावर लिहा: कुठली आजारी, कुठली रिकामी. डीडीरेस्क्यूच्या कमांडमध्ये तीन गोष्टी याच क्रमाने येतात: ज्यातून वाचायचं ती डिस्क, जिच्यात लिहायचं ती फाइल, आणि मॅप फाइल. आजारी डिस्क पहिली. एंटर दाबण्याआधी तो कागद पुन्हा पाहा. प्रतीच्या जागी चुकून डिस्कचंच नाव दिलं गेलं तर डीडीरेस्क्यू खास सक्तीचा ‘एफ’ (-f) पर्याय दिल्याशिवाय लिहीत नाही, म्हणून फाइलमध्ये प्रत काढताना तो पर्याय देऊच नका.

मॅप फाइलला कधी विसरू नका. कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. वीज गेली, डिस्क मध्येच गप्प झाली, तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. मॅप फाइल नसेल तर सगळं पहिल्यापासून. ती प्रतीच्या शेजारीच, रिकाम्या डिस्कवर ठेवा. सिस्टमरेस्क्यूच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली तर कॉम्प्युटर बंद होताच ती जाते, कारण तो सगळा कारभार रॅममध्ये चालतो.

पहिली फेरी ‘एन’ (-n) पर्याय देऊन चालवा, म्हणजे तो अवघड जागा खरवडत बसणार नाही. ती संपली की दुसरी फेरी ‘एन’शिवाय, ‘आर’ला 3 (-r3) देऊन, म्हणजे राहिलेल्या जागा तीनदा वाचून पाहतो. निरोगी 1 टीबी डिस्क सेकंदाला 100 एमबी वेगाने पावणेतीन तासांत वाचून होते. आजारी डिस्कला रात्र लागेल, कधी दोन-तीन दिवस लागतील. स्क्रीनवर ‘रेस्क्यूड’चा टक्का सरकत असेल तर हात लावू नका. वेग शून्यावर येऊन टकटक सुरू झाली, तर बंद करा. तोपर्यंत आलेला भाग तुमचा आहे.

डिस्कवर छोटा पंखा लावा. आणि जमलं तर हे काम यूपीएसवर करा. पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन होते तेव्हा आजारी डिस्क पुन्हा फिरायला लागेलच याची खात्री नसते.

प्रतीतून फाइली काढणं

आता मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. पुढचं सगळं प्रतीवर. पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) हरवलं असेल तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम ते शोधून देतो, आणि फाइली नावासकट दुसरीकडे काढता येतात. त्यानेही जमलं नाही तर त्याचा जोडीदार फोटोरेक फाइलींचे आतले ठसे ओळखून फोटो, पीडीएफ, व्हिडिओ बाहेर काढतो, मात्र नावं आणि फोल्डर हरवतात. हजारो फोटो अंकांच्या नावांनी येतात. त्यांच्यात मूळ तारीख बहुधा शाबूत असते, तिच्यावरून लावून घ्या.

चेकडिस्क चालवायचाच असेल तर प्रतीच्याही प्रतीवर चालवा. त्याचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइली वाचवणं नाही. जुळत नाही ते तो बेधडक तोडतो आणि ‘फाउंड.000’ नावाच्या फोल्डरात तुकडे टाकतो.

बोर्ड

काहीच हालचाल नसलेली डिस्क उलटी केली की हिरवा किंवा निळा बोर्ड दिसतो. घरात लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि एक्स्टर्नल डिस्कचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, दोघांची पिन बऱ्याचदा डिस्कच्या एकाच तोंडात बसते. चुकून 19 व्होल्ट गेले की डिस्क त्या क्षणी निपचित पडते, कधी जळका वास येतो. अशा वेळी पॉवर जोडणीजवळचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. साडेतीन इंची डिस्कवर असे दोन असतात, एक 5 व्होल्टसाठी, एक 12 साठी. वीज पूर्ण काढून मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि डायोडच्या दोन्ही टोकांना लावा. पिना उलटसुलट करूनही बझर वाजला तर तो शॉर्ट आहे. तो काढून टाकला की डिस्क बऱ्याचदा जशीच्या तशी चालू होते. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल रिपेअरवाल्याकडून काढून घ्या, त्यांचा हात बारीक कामाला बसलेला असतो. नंतर ती डिस्क चांगल्या एसएमपीएसवर फक्त कॉपी होईपर्यंत चालवा, कारण आता तिला संरक्षण उरलेलं नाही.

कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे दुसरा एक दोष भेटतो. बोर्डच्या आतल्या बाजूला हेडशी जोडणारे छोटे चकचकीत ठिपके असतात; ते काळे पडतात आणि डिस्क अधूनमधून दिसेनाशी होते. ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू काढून बोर्ड अलगद उचला, ठिपके मऊ पांढऱ्या खोडरबराने पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पूर्ण वाळल्यावर परत लावा. बोर्डला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा.

त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावणं आता चालत नाही. प्रत्येक डिस्कची हेडसंबंधी खास मापं बोर्डवरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतात, ती चिपही हलवावी लागते. काही बोर्डवर ती वेगळी नसतेच.

लॅबकडे कधी, आणि काय विचारायचं

टकटक, पीं पीं, पडलेली डिस्क, चुकीची क्षमता, पाण्यात भिजलेली डिस्क: थेट लॅब. भिजलेली डिस्क वाळवूही नका. ओली असतानाच पिशवीत बंद करून तशीच द्या, वाळताना मीठ आणि गाळ तबकडीवर बसतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला मानू नका, बाहेर काढताच तबकडीवर दव धरतं. झाकण तर उघडूच नका. हेडच्या उंचीच्या मानाने धुळीचा कण डोंगराएवढा असतो. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्का उघडल्यावर तर गॅसच निघून जातो.

देण्याआधी विचारा: तपासणी फुकट की पैसे देऊन? डेटा निघाला नाही तर काय आकारणार? डिस्क इथेच उघडणार की दुसऱ्या शहरात पाठवणार? पैसे भरण्याआधी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का? ‘बघू, उघडून पाहतो’ असं काउंटरवरच म्हणणाऱ्याकडे देऊ नका. एकदा उघड्या हवेत उघडलेली डिस्क पुढची लॅब जास्त पैसे मागून घेते किंवा घेतच नाही.

एसएसडीचं सगळंच वेगळं. आवाज नाही, पूर्वसूचना बऱ्याचदा नाही, एका दिवशी बायोसमधून गायब. डिलीट केलेलं परत मिळण्याची आशाही कमी, कारण ट्रिम ही एसएसडीची सफाईची सोय ती जागा लवकरच पुसून टाकते. दिसत असेल तर लगेच कॉपी, दिसत नसेल तर लॅब.

डेटा निघाल्यावर त्या डिस्कचं काय

वॉरंटी कंपनीच्या साइटवर सिरिअल नंबर टाकून तपासा. बदलून मिळते ती दुसरी डिस्क असते, बऱ्याचदा दुरुस्त केलेली, आणि तुमची परत येत नाही. म्हणून चालत असेल तर देण्याआधी पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून घ्या. चालतच नसेल आणि आत आधार, बँकेचे कागद किंवा गिऱ्हाइकांचे हिशेब असतील, तर मी वॉरंटीवर पाणी सोडेन. साडेतीन इंची डिस्कला ड्रिलने तबकड्यांच्या आरपार तीन-चार भोकं पाडा. अडीच इंचीतली तबकडी बहुतेकदा काचेची असते, ती फुटून उडते; डोळ्यांवर गॉगल लावूनच हात घाला. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता महापालिकेच्या किंवा कंपनीच्या ई-कचरा केंद्रावर द्या.